मदत हवी आहे: सरकत्या शिडीला स्टॅबिलायझर कोणता बसवावा?

छपराच्या कडेची पन्हळ साफ करायला ॲल्युमिनियमची सरकती शिडी वापरतो. 4 मीटर उंचीला पाया भिंतीपासून 1 मीटर लांब, हा हिशोब पाळतो. तरीही वरचं टोक पन्हळीवर टेकलं की पत्रा दबतो, आणि हात जरा बाजूला नेला की शिडी आडवी सरकते. वडील खाली धरून उभे असतात, पण शिडी घसरली तर ती त्यांच्याच अंगावर येईल, म्हणून जीव घाबरतो.

वरून भिंतीवर दोन्ही बाजूंना टेकणारा स्टॅबिलायझर घ्यायचं ठरवलंय. तो यू-बोल्टने आवळायचा बरा की झटपट निघणारा? शिडी मिटवताना अडतो का? जमीनही उतरती आहे. विटा लावणं नकोच, मग पायांना वेगळे लेव्हलर लागतीलच ना? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.