मुद्रितशोधनासाठी लॅपटॉप हवाय: आधी स्क्रीन, मग वजन, वेग शेवटी

जाणकारांची मदत हवी आहे. बजेट ७०,०००, फार तर दोन-तीन हजार इकडे-तिकडे.

काम मराठी मुद्रितशोधनाचं आणि थोडं मांडणीचं. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) दोनशे-अडीचशे पानांचं पुस्तक, बाजूला पीडीएफ, ब्राउझरमध्ये शब्दकोश उघडे. गेमिंग नाही, व्हिडिओ नाही. पुण्यात वनाझहून मेट्रोने डेक्कनला उतरते, लकडी पुलावरून चालत अलका चौक, कधी पुढे अप्पा बळवंत चौकापर्यंत. पाठीवर लॅपटॉप, चार्जर आणि प्रुफांचा गठ्ठा. खांदा आधीच कुरकुरतोय.

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न प्रोसेसरचा, "आय फाइव्ह की आय सेव्हन?" स्क्रीनबद्दल विचारलं तर "फुल एचडी आहे मॅडम" म्हणून विषय संपतो. पण माझं पोट अनुस्वार आणि रफारावर चालतं! १५.६ इंची फुल एचडीवर इंचाला साधारण १४१ पिक्सेल पडतात, १४ इंची १९२० × १२०० वर १६२. बारीक टायपातला 'र्कं' नीट दिसणं यावर अवलंबून. शिवाय उभ्या दिशेने १०८० ऐवजी १२०० पिक्सेल म्हणजे पानाचा थोडा जास्त भाग एका नजरेत.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला १५.६ इंची, एच मालिकेचा (वेगवान, पण जास्त वीज खाणारा) आय फाइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड, वजन २.३ किलो आणि वर विटेएवढा चार्जर. दुकानदाराचा आग्रह अर्थातच याचा. दुसरा १४ इंची, १९२० × १२००, मॅट (न चमकणारा) पडदा, उजेड ४०० निट्स, रायझेन ५ ७५३०यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १.४ किलो. तिसरा तसाच हलका पण २८८० × १८०० चा ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पडदा). अक्षरं अप्रतिम, मात्र चकचकीत काच आणि बजेटच्या जरा बाहेर. माझा कल दुसऱ्याकडे आहे. प्रोसेसर कमी पडेल का?

प्रतिसाद १
नाही पडणार. सहा कोअर आहेत, इनडिझाइनला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. फक्त बिल करताना प्रोसेसरचा आकडा नीट वाचा. या मालिकेत तिसरा अंक आतली पिढी सांगतो: ७५३०यू म्हणजे झेन ३, आणि ७५२०यू म्हणजे त्याआधीचा, जुना झेन २, तोही चारच कोअरचा. डब्यावर दोन्हींवर 'रायझेन ५'च लिहिलेलं असतं. यूएसबी-सीवरून चार्ज होतो का तेही बघा, म्हणजे फोन आणि लॅपटॉप मिळून एकच चार्जर.

प्रतिसाद २
पहिला पर्याय विसरा हो ताई, दोन्ही चार्जरांच्या वजनातला फरकच खांद्याला कळेल. तुमचीच एक पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या आणि १०० टक्क्यांवर उघडा. दुकानातले डेमो व्हिडिओ कुठल्याही स्क्रीनवर सुंदरच दिसतात. ओलेड बघणार असाल तर ब्राइटनेस अगदी कमी करून फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. काळे पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतोय. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचं डोकं दुखतं. दिवसभर पांढऱ्या पानाकडे बघणाऱ्याने ही तपासणी टाळू नये.

धागाकर्ती
दोघांनाही धन्यवाद. मुखपृष्ठं मी करत नाही, त्यामुळे ओलेडपेक्षा रंग थोडे फिके असले तरी चालतील. म्हणजे दुसराच. त्यात १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (फायली साठवायची डिस्क) आहे. त्याच पैशांत दुसऱ्या दुकानात ८ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी देतायत. कुठला घेऊ?

प्रतिसाद १
१६ जीबी. इतक्या हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी बहुतेकांत बदलता येते. वॉरंटीच्या अटी मात्र आधी विचारून घ्या.