पुराव्याचे ओझे कामगारावर नको
कामामुळे जखमी किंवा आजारी होणाऱ्या कामगारासाठी कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद असली की पुरे, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. यंत्रात बोट तुटले तर सर्वांना दिसते, पण दगड कापताना पापण्यांवर साचणारी तीच सिलिकाची, म्हणजे दगडातल्या खनिजाची, धूळ फुप्फुसात गेली, तर त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बहुधा १० वर्षांहून अधिक काळाने उघड होतो आणि तोवर मालक बदललेला असतो, हजेरीची नोंदही हाती नसते; मग आजार कामामुळेच झाला हे कामगाराने सिद्ध कसे करायचे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००२ सालच्या १९४व्या शिफारशीत व्यावसायिक, म्हणजे कामामुळे होणाऱ्या, आजारांची यादी आहे. तशा यादीतला आजार त्या कामात जडल्यास तो कामामुळेच झाला असे कायद्याने गृहीत धरावे. शिवाय आजारपणातही वेतन मिळेल याची हमी हवीच, कारण रोजगार बुडण्याच्या धास्तीने माणूस तपासणीत खोकला दाबून धरतो.