उत्तर: उत्तर: गोधडी अंथरायला जागा हवी

प्रेषक: मनूची आई, चेस्टरटन
गुरुवार, १३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसून तिसरा अनारसा खाणारी ती मी. ऑगस्टमध्ये नाशिकहून केंब्रिजला आलो. ह्यांचं काम ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये. मनू शाळेत इतकी रमली आहे की घरी येऊन माझे उच्चार दुरुस्त करते. राहिले मी. चार वाजले की खिडकीबाहेर काळोख, आणि मग झोपेपर्यंतचे सहा तास कुठे ठेवायचे ते कळत नाही.

येताना तेवीस किलोंतले सहा किलो जुन्या साड्यांचे होते. आजीची दोन लुगडी, आईच्या पाच-सहा सुती साड्या, मावशीची एक इरकल, जिचा फक्त काठ शाबूत आहे. ह्यांचं म्हणणं, "कुकर ठेवून आलीस आणि चिंध्या घेऊन आलीस." कुकर मिल रोडवर मिळाला. चिंध्या मिळाल्या नसत्या.

तर गोधडी शिवायची आहे. त्याला सपाट, सलग जमीन लागते. आमच्या फ्लॅटमध्ये पलंग आणि सोफा वगळून जी काही जमीन उरते तिच्यावर कार्पेट. हौसेने चार ओळी धावदोरा घातला आणि उचलायला गेले, तर घरमालकाचं कार्पेट बरोबर वर आलं. ओळी उसवल्या. कोणाकडे लाकडी फरशीची खोली आहे का?

आणि एक भाबडा प्रश्न. इथे ओळखी होतात तरी कशा? शेजारीण रोज "यू ऑलराइट?" विचारते. मी उत्तरासाठी तोंड उघडेपर्यंत ती सायकलवरून कोपऱ्यापलीकडे.

– मनूची आई

-----

प्रेषक: नाना, हिस्टन
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. मनूच्या आईस आशीर्वाद,

"यू ऑलराइट" हा प्रश्न नाही. आपण जिन्यात भेटल्यावर "काय, ऑफिसला?" म्हणतो, तसं ते. उत्तर म्हणून तेच परत म्हणायचं आणि चालू लागायचं. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मी प्रामाणिकपणे ॲसिडिटीबद्दल सांगत असे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. चहा घेऊन बसा.

मी निवृत्त झाल्यावर घंटा वाजवायला शिकलो. हसू नका. देवळात हात वर करून ठण्ण करतो ती घंटा नव्हे. चर्चच्या मनोऱ्यात काही शे किलोंच्या घंटा असतात. वाजवायच्या आधी त्या तोंड वर करून उलट्या उभ्या केलेल्या असतात. खाली दोर ओढला की घंटा पूर्ण गोल फिरते आणि परत तोंड वर करून थांबते. दोराला मध्ये लोकरीचा जाड, रंगीत पट्टा असतो, त्याला सॅली म्हणतात. ती योग्य क्षणी सोडायची. नाही सोडली तर दोराबरोबर माणूसही छताकडे निघतो. पहिल्या महिन्यात माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. त्यांनी एका हाताने मला खाली आणलं आणि दुसऱ्या हाताने दोर सांभाळला.

यात गाणं नसतं. सहा घंटा आधी बारीक ते जाड अशा ओळीने वाजतात, मग दर फेरीला क्रम बदलतो. अट अशी की घंटेने जागा बदलायची ती फक्त शेजारणीशी, कारण एवढं धूड एकदम लवकर किंवा उशिरा फिरवता येत नाही. सहा घंटांचे ७२० क्रम होतात. सातांचे ५,०४०, आणि ते एकही क्रम पुन्हा न येऊ देता वाजवायला साधारण तीन तास लागतात. समोर कागद ठेवायचा नाही. रँग्लर परांजपे १८९९ साली याच गावात गणितात पहिले आले, त्यांना हे जमलं असतं. मी सहा घंटांतच घामाघूम.

जाता जाता: बिग बेनपाशी दर पाव तासाला वाजणारी सुरावट लंडनची समजू नका. ती १७९३ मध्ये आपल्या बाजारापाशी, ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या घड्याळासाठी केली गेली. वेस्टमिन्स्टरने नंतर उचलली. आता जगभर तिचं नाव मात्र त्यांचं.

तर मुद्दा. माझा धर्म मला कोणी विचारला नाही. "मंगळवारी येणार ना?" एवढंच विचारलं. साडेसात ते नऊ दोर, मग पब. तिसऱ्या महिन्यात एकाने न विचारता माझ्यासमोर माझा अर्धा पाइंट आणून ठेवला. घरी जेवायला पहिल्यांदा बोलावलं ते मात्र चार वर्षांनी, आणि तेही पंधरवडाभर आधी तारीख ठरवून. इथे ओळख हजेरीवर मिळते. तोच वार, तीच वेळ, तेच काम. तोंडाने काही बोलला नाहीत तरी चालतं. हात चालले पाहिजेत.

जमिनीचं माई सांगतील. त्यांना सगळ्यांच्या जमिनी माहीत असतात.

– नाना

-----

प्रेषक: माई, रोम्सी
शनिवार, १५ नोव्हेंबर

गोधडी नव्हे हो. वाकळ. आमच्या साताऱ्याकडे वाकळच म्हणतात, आणि ऊब तिलाच जास्त.

नानांनी घंटापुराण लावलं की मेल खाली ओढत न्यावी लागते. मी थोडक्यात सांगते. मिल रोडवर रेल्वेचा पूल ओलांडून या. आमच्या बाजूला एका चर्चचा हॉल आहे, तिथे गुरुवारी दुपारी दीड वाजता शिवणवाल्या बायका जमतात. दोन पौंड, त्यात चहा. बिस्किटं बरी असतात. फरशी लाकडाची, मी स्वतः पुसलेली आहे. कोणी काही विणतं, कोणी उसवतं. एक जण तर गेली दोन वर्षं एकच पडदा आखूड करते आहे. मी जाते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकीचे दिवस माझ्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर.

(ज्यांना मेथी हवी असते त्यांच्यासाठी: आता नाही. मार्चनंतर विचारा. अलॉटमेंट अजून 'रॉड'मध्ये मोजतात, पुरी जमीन दहा रॉड, म्हणजे अंदाजे २५० चौरस मीटर. माझी अर्धी आहे आणि त्यातली अर्धी गोगलगाईंची.)

पुलाच्या शहराकडच्या बाजूला ग्विडिर स्ट्रीट लागते. तिथे १८६ नंबरचं घर एकदा बघाच. आधी नाव नोंदवावं लागतं, एका वेळी थोडीच माणसं सोडतात. बाहेरून पाहाल तर रांगेतलं विटांचं साधं घर, असली घरं या भागात शेकड्यांनी. डेव्हिड पार नावाच्या रंगाऱ्याने ते १८८६ मध्ये विकत घेतलं. दिवसा मालकाच्या कामावर जाऊन चर्चच्या नि श्रीमंतांच्या भिंती रंगवायचा. संध्याकाळी घरी येऊन मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भिंती. वेली, फुलं, पट्ट्यांवर अक्षरं. चाळीस वर्षं! १९२७ ला गेला. मग नात तिथेच पुढे ८५ वर्षं राहिली आणि भिंतींना तिने हात लावला नाही. मी बघायला गेले तेव्हा माझ्या मनात एकच आलं, याच्या बायकोने जेवायची ताटं कुठे ठेवली असतील? पण भिंत अशी, की बोट लावायला हात शिवशिवतो आणि लावता येत नाही.

तुमच्या संध्याकाळच्या सहा तासांचं त्याला विचारा.

गुरुवारी मी पुलापाशी उभी राहते. हिरवी टोपी.

– माई

-----

प्रेषक: दाढीवाला, पीएचडी (वर्ष चौथं, बरं का, अजून)
रविवार, १६ नोव्हेंबर

ताई, माझ्याकडे सायकलला जोडायची गाडी आहे. सहा किलो साड्या आणि मनू, दोघींना एकदम नेता येईल. सपाट गाव आहे, चढ एकच, तो पूल.

टाक्यांचा विषय निघालाच आहे तर फिट्झविल्यम म्युझियममध्ये चक्कर मारा, प्रवेश फुकट आहे. तिथल्या संग्रहात जुन्या इंग्रज मुलींनी भरलेले टाक्यांचे नमुने आहेत: कापडाच्या पट्टीवर अक्षरं, आकडे, पक्षी, खाली मुलीचं नाव नि वय. संग्रहातले बरेचसे ट्रिनिटी कॉलेजच्या ग्लेशर नावाच्या गणितज्ञाने जमवलेले. १८७१ चा दुसरा रँग्लर, म्हणजे इथल्या गणिताच्या परीक्षेत दुसरा. आयुष्यभर मातीची भांडी आणि पोरींचे टाके गोळा केले आणि १९२८ मध्ये सगळं म्युझियमला देऊन टाकलं. नाना, तुमच्या रँग्लरांच्या यादीत हेही घाला. पण कापड उजेडाने विटतं, म्हणून सगळे नमुने एकाच वेळी बाहेर मांडत नाहीत. दिसतील तेवढे बघायचे.

नानांच्या हजेरीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हिस्टनसारख्या बाहेरच्या खेड्यात राहून म्हणायला ठीक. विद्यापीठाची टर्म आठ आठवड्यांची. मी दर बुधवारी माणसं बघून चित्रं काढायला जातो. ऑक्टोबरमध्ये वीस जण, डिसेंबरमध्ये सहा, जानेवारीत नवे पंधरा. दोन वर्षांची नोकरी संपली की मित्र म्युनिकला नाहीतर मेलबर्नला. या चार वर्षांत तीन जिवलग मी स्टेशनवर सोडले आहेत, तिघांच्याही बॅगा याच गाडीतून. त्यातल्या एकाच्या पाठीचं चित्र माझ्याकडे आहे, चेहऱ्याचं राहिलं.

– दा.

-----

प्रेषक: मंडळाचे सचिव
रविवार, १६ नोव्हेंबर

कृपया वैयक्तिक उत्तरं सर्वांना पाठवू नयेत. संक्रांतीच्या कार्यक्रमाची वर्गणी निम्म्या सभासदांकडून यायची आहे.

-----

प्रेषक: मनूची आई, चेस्टरटन
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सचिवांची क्षमा मागून, सर्वांना.

दोन गुरुवार झाले. पहिल्या गुरुवारी हिरव्या टोपीमागून आत शिरले. आठ बायका, दोन टेबलं. माझं नाव कोणी विचारलं नाही. एकीने खुर्ची सरकवली, एकीने "दूध?" विचारलं. मी खुर्चीत बसून साड्या नुसत्या चाळत राहिले. जमिनीवर बसायला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. घरी येऊन ह्यांना म्हटलं, परत जाणार नाही.

मग नाना आठवले. हजेरी.

काल गेले ती सरळ कोपऱ्यात मांडी घालून बसले. खाली आईची निळी साडी, मध्ये विरलेलं सगळं, वर आजीचं लुगडं. चार कोपऱ्यांवर माईंनी चहा-साखरेचे डबे ठेवले. लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवले आणि कडेने धावदोरा धरला. दहा मिनिटांनी मान वर केली तर निळ्या चष्म्याच्या एक आजीबाई शेजारी उभ्या. म्हणाल्या, चौकट नाही? कापूस नाही? म्हटलं, नाही, साडीच्या पोटात साडी. त्यांनी कोपरा उलटा करून मागचे टाके पाहिले. मागची बाजू पाहणारी बाई मला आजीनंतर ही पहिलीच भेटली.

मग त्यांनी त्यांची पिशवी आणली. आत त्यांच्या आजीचं अर्धवट राहिलेलं पांघरूण. छोटे छोटे षटकोन. इकडची पद्धत अशी की कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून टाचायचं, मग असे षटकोन कडेला कड लावून शिवायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचा. हे शिवून पुरं झालंच नाही, म्हणून कागद अजून आतच. उलटं करून पाहिलं तर मागे शाईचं अक्षर. घरातली जुनी पत्रं, बिलं कापून वापरलेली. एका तुकड्यावर "कोळसा" आणि पुढे पैशांचा आकडा. शेजारच्यावर "प्रिय" आणि कापलेलं. प्रिय कोण, ते पलीकडच्या षटकोनात गेलं असेल. आम्ही दोघी बराच वेळ शोधत होतो. नाही सापडलं.

त्यांचा गुडघा बदललेला, खाली बसता येईना. हॉलमध्ये सकाळी लहान मुलांचा वर्ग भरतो, त्यातली लाल बुटकी खुर्ची ओढून त्या गोधडीच्या कडेला बसल्या आणि माझ्यासमोरून शिवत निघाल्या. टाका माझ्याहून बारीक. मला जरा राग आला.

आता फजिती. आजीचा नियम, सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. बारा काढल्या होत्या. चहाच्या वेळी मोजल्या तर अकरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फरशीवर रांगती पोरं येणार! मला घाम फुटला. मी सांगितलं मात्र, आठही बायकांनी कामं खाली ठेवली. कोणी गुडघ्यांवर, कोणी मोबाइलचा दिवा फरशीला आडवा लावून. पडदेवाल्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं आणि फळ्यांच्या फटींतून इंच इंच फिरवलं. तीन टाचण्या, एक नाणं, बाहुलीचा बूट. सुई नाही. वीस मिनिटं गेली, बाहेर काळोख झाला.

माई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्या खांद्यावर काय चमकतंय?"

आजी शिवताना सुई पदराला खोवायची. मला पदर नव्हता, मी स्वेटरला खोवली होती.

कोणी हसलं नाही. पडदेवाल्या बाईंनी मॅग्नेट फ्रिजवर जिथल्या तिथे लावलं आणि केटल परत चालू केली. निघताना निळ्या चष्म्याच्या आजींनी विचारलं, "पुढच्या गुरुवारी, ना?" त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. आता विचारायला उशीर झाला असं वाटतं.

गोधडीची एक बाजू चार बोटं शिवून झाली. या वेगाने मनू कॉलेजला जाईल. कोणाकडे जुनी सुती साडी असेल तर आणा. पॉलिस्टर नको.

– मनूची आई

-----

प्रेषक: नाना, हिस्टन
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नाव विचारू नका. मी शिकवणाऱ्या बाईंचं नाव तिसऱ्या वर्षी नोटीस बोर्डावर वाचलं. सौ.ची एक नारायणपेठी आहे. दाढीवाल्यांनी गाडी घेऊन यावं.

-----

प्रेषक: माई, रोम्सी
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नारायणपेठी रेशमी असेल तर ठेवा घरीच, वाकळीत सरकते. सुती असली तर आणा. सुया मी मोजीन.