अनुभव धागा: इंग्लिश नट इयान मॅकेलन, रंगमंच ते पडदा

तिसरी घंटा
१९६१ साली कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरात सुरुवात, १९६९ला एडिनबरात 'रिचर्ड दुसरा' आणि 'एडवर्ड दुसरा' या नाटकांत राजे करून नाव, आणि जगभरच्या लहान मुलांना ओळख पटली ती साठीत, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमांतल्या गँडाल्फ या जादूगारामुळे. 'फार आवडतो' एवढंच नको. काम कसं केलंय ते लिहा.

विंगेतून
'मॅकबेथ', १९७६. ट्रेव्हर नन दिग्दर्शक, समोर लेडी मॅकबेथ म्हणून जुडी डेंच. स्ट्रॅटफर्डचं 'द अदर प्लेस' नाट्यगृह म्हणजे तेव्हा पत्र्याची शेड. जमिनीवर वर्तुळ, काम नसलेले नट बाहेर खोक्यांवर बसून. थेम्स टीव्हीने त्याचं चित्रण केलं, ते जरूर बघा. नाटकं कॅमेऱ्यापुढे फसतात, कारण आवाज शेवटच्या रांगेसाठी बसवलेला असतो आणि क्लोजअपमध्ये तो आरडाओरडा वाटतो. इथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर, त्यामुळे कुजबुज आधीच बसलेली होती.

एकहाती
'रिचर्ड तिसरा'चा सिनेमा, १९९५. पहिलं स्वगत दोन तुकड्यांत फोडलंय: अर्धं मेजवानीत माइकसमोर, जाहीर भाषणासारखं; उरलेलं मुतारीत, एकट्याने. मग आरशात त्याला कॅमेरा दिसतो आणि तो थेट आपल्याशी बोलू लागतो. डावा हात निकामी, म्हणून ज्या अॅनला तो लग्नासाठी वश करतोय तिला द्यायची अंगठी तो तोंडाने बोटातून काढतो. तिला किळस यावी की भुरळ पडावी, दोन्ही त्या एका कृतीत.

लांबपल्ला
गँडाल्फ उंच दिसतो त्यात संगणकापेक्षा सुतारकाम जास्त. घोडागाडीवर फ्रोडो (ठेंगण्या हॉबिट जमातीचा नायक) शेजारी नसतोच, त्याची बैठक मागे सरकवलेली. दोघांनी एकमेकांकडे न बघता ठरलेल्या खुणेकडे बघायचं. खूण थोडी चुकली की नजरा जुळत नाहीत आणि सगळं उघडं पडतं. कॅमेरा हलला तर पुढचं-मागचं वेगवेगळ्या वेगाने सरकतं, म्हणून कॅमेऱ्याबरोबर नटाचा पाटही सरकवावा लागला.

तिसरी घंटा
मग नंतरच्या 'हॉबिट' सिनेमांना हेच का नाही चाललं?

लांबपल्ला
थ्रीडी. दोन भिंगांना पुढचं-मागचं अंतर कळतं, मागे बसलेला मागेच दिसतो. म्हणून बुटक्यांची (ड्वार्फ) कामं करणारे नट एका सेटवर आणि मॅकेलन दुसऱ्या हिरव्या सेटवर एकटा. दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांची हालचाल एकमेकांशी जोडलेली. संवाद कानातल्या यंत्रातून, समोर माणसांऐवजी फोटो. तो रडकुंडीला आला होता, हे त्यानेच सांगितलंय. रंगभूमीवर वाढलेल्या नटाला समोरचा माणूसच काढून घेतला, दुसरं काय होणार!

विंगेतून
हाणामारीच्या प्रवेशाची जोखीमही नोंदवायला हवी. जून २०२४, लंडनचं नोएल कॉवर्ड थिएटर, 'प्लेअर किंग्ज' नाटक, मॅकेलनचं वय ८५. पाय खुर्चीत अडकला, तो सोडवताना मंचावर पसरलेल्या वर्तमानपत्रांवरून घसरला आणि थेट प्रेक्षकांत पडला. मनगट मोडलं, मणक्यालाही इजा झाली. फॉलस्टाफ या लठ्ठ पात्रासाठी अंगावर जाड पॅडिंग होतं, म्हणून बरगड्या वाचल्या. सुटे कागद मंचावर टाकायचे असतील तर खालून चिकटपट्टी लावा. तालमीत कोणी घसरत नाही, कारण तिथे चाल निम्म्या वेगाने असते.