बटोना ट्रेल, कारान्झा स्मारक ते बॅट्स्टो एका दिवसात: वाळू, पाणथळ आणि गोचिड्या

रानवाट_एडिसन

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये बटोना ट्रेलचा मधला टप्पा एका दिवसात करायचं म्हणतोय. कारान्झा स्मारकापासून निघून व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टमधून बॅट्स्टो या जुन्या गावापर्यंत. सगळ्यांना सह्याद्रीतल्या चढणींची सवय आहे, पण सपाट वाळूत आणि दलदलीच्या कडेने इतकं लांब कुणी चाललेलं नाही. दोघांची वयं साठीच्या आसपास. दोन गाड्या आहेत, दोन्ही साध्या सेडान.

नकाशावर अंतर १५ मैलांच्या आसपास दिसतं आणि चढ जवळजवळ नाही. सहा तास पुरतील का? बूट वॉटरप्रूफ घ्यावेत की साधे? नदीचं पाणी चहासारखं तांबडं असतं म्हणतात, ते गाळून प्यायलं तर चालेल का? आणि थंडी सरत असताना गोचिड्या असतात का?

दक्षिणजर्सी_पायी

सहा तास पुरणार नाहीत. चढ नाही म्हणून वेळ कमी धरला जातो आणि मग शेवटचे तीन मैल अंधारात होतात. पक्क्या वाटेवर ताशी तीन मैल चालणारा माणूस सुट्या कोरड्या वाळूत सव्वादोन मैलांवर येतो, कारण प्रत्येक पावलाला टाच मागे सरकते. शिवाय चढ-उतार नसल्यामुळे तेच स्नायू तासन् तास त्याच पद्धतीने चालतात. सह्याद्रीत मांड्या बोलतात, इथे पोटऱ्या, घोटे आणि नितंबांचे स्नायू. चालण्याचे सात तास आणि थांबण्याचा एक, असे आठ तास धरा. मार्चअखेर सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असतो, म्हणजे सकाळी आठला पाय वाटेवर पडला तर घाई होत नाही. हाच टप्पा नोव्हेंबरच्या मध्यानंतर केला तर साडेचार-पावणेपाचला अंधारतं, तेव्हा हेडलॅम्पशिवाय निघूच नये. खरं तर मार्चमध्येही प्रत्येकाकडे एक असावा.

दिशा तुम्ही म्हणताय तीच ठेवा. शेवट बॅट्स्टोला झाला की व्हिजिटर सेंटर, स्वच्छतागृह, डांबरी रस्ता सगळं मिळतं. कारान्झाला स्मारक आणि मोकळी जागा, बाकी काही नाही. (एमिलिओ कारान्झा हा मेक्सिकोचा वैमानिक. न्यूयॉर्कहून मेक्सिको सिटीला परतताना जुलै १९२८ मध्ये वादळात त्याचं विमान इथे कोसळलं. दगडी खांब आहे, दोन मिनिटं थांबून बघा.)

गाड्यांचं नीट लक्षात घ्या. आधी दोन्ही गाड्या बॅट्स्टोला न्या, एक तिथे सोडा आणि सगळे दुसरीतून कारान्झाला या. सहा जण एका सेडानमध्ये मावणार नाहीत, तेव्हा एक फेरी जादा धरा किंवा कुणाला तरी सोडायला बोलवा. बॅट्स्टोला सोडलेल्या गाडीची किल्ली चालणाऱ्याच्या खिशात आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासा. आणि फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर राहू नका. तो जवळचा म्हणून क्वेकर ब्रिज रोडसारखे जंगलातले वाळूचे रस्ते दाखवतो. तिथे सेडान चासीपर्यंत रुतते, फोनला रेंज नसते आणि टोईंगवाला तिथवर यायला नाखूश असतो. हॅमंटनकडून रूट २०६ ने उत्तरेला जाऊन टॅबरनॅकलहून कारान्झा रोडने खाली या. लांब पडतं, पण स्मारकापर्यंत डांबरी आहे. एका बाजूला पाऊण तास धरा.

कोरडेमोजे

बुटांबद्दल माझं मत इतरांपेक्षा वेगळं असेल, पण स्पष्ट सांगतो. या टप्प्यावर उंच वॉटरप्रूफ बूट नकोत. ओढ्यांच्या काठी वाट पाण्याखाली असेल तर पाणी घोट्याच्या वर येतं. वॉटरप्रूफ बुटात ते एकदा वरून शिरलं की बाहेर जात नाही आणि बूट दिवसभर सुकत नाही. त्यात वाळू मिसळली की सँडपेपरसारखं काम होतं. हलके ट्रेल शूज घ्या, मात्र अगदी विरळ जाळीचे नकोत. बारीक पांढरी वाळू जाळीतून थेट आत येते.

वरून पातळ कापडी गेटर (बुटाच्या तोंडापासून नडगीपर्यंतचं आवरण) लावा. गेटर घट्ट बसला तर वाळू आणि गोचिड्या दोन्हींचा बंदोबस्त होतो. मोजे लोकरी मिश्रणाचे, सुती अजिबात नकोत. दोन जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दर तासाला बूट काढून झटका आणि आतला इनसोल बाहेर काढून त्याखालची वाळूही झटका. इनसोलखाली साचलेली वाळू बोटांच्या मुळाशी उंचवटा करते आणि नेमका तिथेच फोड येतो. "जरा गरम लागतंय" असं वाटताच थांबून टेप लावायची. पुढच्या थांब्यावर बघू म्हटलं की उशीर झालेला असतो.

वाळूत चालायची जागाही निवडायला शिका. वाट जिथे वाळूच्या गाडीरस्त्यावरून जाते तिथे चाकोऱ्यांच्या मधोमध किंवा अगदी कडेला, पाइनच्या सुया पडलेल्या पट्ट्यावरून चाला. ओलसर वाळू घट्ट असते, कोरडी चाळलेली वाळू सर्वांत वाईट. काठ्या घेतल्या तर टोकाला रुंद चकत्या बसवा, नाहीतर काठी वीतभर आत जाते.

तांबडंपाणी

पाण्याचा तांबूस रंग सीडरच्या आणि पालापाचोळ्याच्या टॅनिनमुळे आणि लोहामुळे येतो. हे पाणी आम्लधर्मी आहे, पीएच साधारण ४ ते ४.५. रंग धोक्याचा नाही, पण गाळल्याशिवाय पिऊ नका. आम्लधर्मी म्हणजे निर्जंतुक नव्हे, आणि ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर सगळीकडे आहेत, त्यांच्या विष्ठेतून जंतू पाण्यात येतात.

पोकळ तंतूंचा साधा फिल्टर जंतू अडवतो, रंग अडवत नाही. पाणी तांबडंच निघेल, त्यामुळे फिल्टर बिघडला असं समजू नका. मात्र लोहाच्या गाळाने त्याची छिद्रं लवकर बुजतात. काठचं ढवळलेलं पाणी न घेता वाहत्या धारेतून घ्या, आधी रुमालातून गाळा, आणि उलट्या दिशेने धुवायची सिरिंज बरोबर ठेवा. रात्री गोठणबिंदूखाली तापमान जाणार असेल तर वापरलेला फिल्टर गाडीत ठेवू नका. आतलं पाणी गोठून तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. क्लोरिनच्या गोळ्या इथे कमी पडतात, कारण बरंचसं क्लोरिन टॅनिनमध्येच खर्च होतं.

माझा सल्ला: प्रत्येकी तीन लिटर घरून आणा आणि फिल्टर एकच, अडीअडचणीसाठी. बटोना कँपवर हातपंप आहे, पण तो कारान्झाच्या जवळ, म्हणजे तुमच्या सुरुवातीलाच. हिवाळ्यात बंदही असू शकतो, तेव्हा हिशेबात धरू नका. तीनपैकी एका लिटरमध्ये मीठ-साखर-लिंबू घाला. वाळूत पोटऱ्यांना गोळे येतात ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या तासानंतर.

जाताजाता: डबक्यांवर इंद्रधनुषी तवंग दिसेल. काडीने हलवा. तुकडे होऊन तसेच राहिले तर ते लोहजीवाणूंचं पापुद्र्यासारखं आवरण, लगेच परत जुळून आलं तर तेल. हेच लोह पाण्यातून साचून दलदलीत खनिजाचे थर होतात आणि त्यावरच बॅट्स्टोची लोखंडाची भट्टी १७६६ मध्ये सुरू झाली. पुढे १८७६ मध्ये फिलाडेल्फियाचा उद्योगपती जोसेफ व्हॉर्टन याने ही जमीन घेतली ती इथलं पाणी फिलाडेल्फियाला न्यायच्या विचाराने. राज्याने कायदा करून ते अडवलं, म्हणून आज हे जंगल आणि त्याखालचं पाणी जागेवर आहे.

दक्षिणजर्सी_पायी

गोचिड्यांबद्दल. "थंडीत नसतात" हा समज सोडा. हरणांवरच्या, लाइमचा आजार पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचे प्रौढ गोठणबिंदूच्या जरा वर तापमान गेलं की हिवाळ्यातही फिरतात. मार्चअखेर त्या नक्की असतील. खसखशीएवढी पिल्लं मुख्यतः मे ते जुलैमध्ये, म्हणून तो काळ सर्वांत धोक्याचा. उन्हं वाढली की लोन स्टार ही दुसरी जातही भरपूर निघते. तिच्या चाव्याने काहींना मटणासारख्या लाल मांसाची ॲलर्जी जडते.

करायचं काय: पँट, मोजे, बूट आणि गेटरवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन (कपड्यांवर मारायचं कीटकनाशक) आदल्या दिवशी घराबाहेर फवारा आणि पूर्ण वाळू द्या. त्वचेवर हे लावायचं नाही. त्वचेसाठी २० टक्के पिकॅरिडिन किंवा डीट, ही कीटक दूर ठेवणारी औषधं. पँट मोज्यात खोचा, रंग फिका. वाटेच्या दोन्ही बाजूंची हकलबेरीची झुडपं गुडघ्यापर्यंत येतात, गोचिड्या त्यांच्या टोकांवर बसून असतात. म्हणून रांगेत, वाटेच्या मधून चाला, आणि बसायला झुडपांपेक्षा मोकळी वाळू बरी.

घरी आल्यावर कपडे आधी थेट ड्रायरमध्ये, मोठ्या उष्णतेवर दहा मिनिटं. फक्त धुण्याने गोचिड्या मरत नाहीत. दोन तासांच्या आत अंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कंबर, कानांमागे तपासणी. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश काही नको. लाइमचा संसर्ग व्हायला गोचीड साधारण २४ तासांहून अधिक चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच रात्रीची तपासणी सगळ्यांत मोलाची. फुगलेली सापडली तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांशी बोला.

रानवाट_एडिसन

फार उपयोगी. दोन शंका: आमच्याकडे मांजर आहे, पर्मेथ्रिन चालेल ना? आणि मध्येच सोडावं लागलं तर क्वेकर ब्रिजला गाडी बोलावता येईल का?

दक्षिणजर्सी_पायी

ओलं पर्मेथ्रिन मांजराला घातक आहे. गॅरेजमध्ये किंवा अंगणात फवारा आणि पूर्ण सुकेपर्यंत मांजर तिकडे फिरकू देऊ नका.

क्वेकर ब्रिजला गाडी बोलावता येईल असं धरू नका. तिथे येणारे सगळे रस्ते वाळूचे आहेत. आणि तिथे पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त वाट मागे पडलेली असते, बॅट्स्टो साधारण सहा मैल उरतं. तिथून परत फिरणं म्हणजे जास्त चालणं. म्हणून निर्णय आधी घ्यायचा: पहिल्या दोन तासांत चार मैल झाले नाहीत, किंवा कुणाचा घोटा-गुडघा कुरकुरायला लागला, तर तिथूनच कारान्झाला परता.

सीडरकाठ

तारखेबद्दल थोडा वेगळा विचार करा. मार्चमध्ये भूजल सर्वांत वर असतं आणि इथल्या नद्या भूजलावरच चालतात. पाऊस वाळूत मुरतो, त्यामुळे नदी उशिरा चढते आणि उशिराच उतरते. आदल्या दिवशी ऊन पडलं म्हणून वाट कोरडी असेलच असं नाही. यूएसजीएस (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) बॅट्स्टो नदीची पातळी रोज ऑनलाइन देतं. आठवडाभर आधीपासून बघा आणि चढती असेल तर पुढे ढकला. ओढ्यांजवळ बीव्हरचा बांध नवा असला तर पावसाविनाही फळ्यांची वाट बुडालेली असते. बुडालेल्या फळ्यांवर काठीने आधी चाचपा, त्या शेवाळाने निसरड्या असतात. कडेच्या स्फॅग्नमवर (दलदलीतल्या मऊ शेवाळावर) उतरून वळसा घालू नका: खाली काळा चिखल असतो, पाय मांडीपर्यंत जातो, आणि घटपर्णी, दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती तिथेच उगवतात.

दुसरं, फॉरेस्ट फायर सर्व्हिस हिवाळ्याच्या शेवटी नियंत्रित आग लावते आणि वसंत हा वणव्यांचा मुख्य काळ असतो. आदल्या दिवशी फॉरेस्ट ऑफिसला फोन करून वाट उघडी आहे का विचारा. पिच पाइन जळूनही बुंध्यातून पुन्हा फुटतो, पण सालीवरची वाट दाखवणारी गुलाबी खूण जळून जाते. जून २०२२ च्या मलिका रिव्हर वणव्यात व्हॉर्टनमधलं १३,५०० एकरांहून अधिक जंगल होरपळलं. जळक्या पट्ट्यात नियम एकच: तीनशे पावलांत गुलाबी खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. दोन खुणा एकावर एक म्हणजे वळण. बॅट्स्टोजवळ इतर रंगांच्या वाटा येऊन मिळतात, त्यात पिवळी मलिका रिव्हर ट्रेल ॲट्सियनकडे जाते. तिच्यामागे लागलात तर नऊ-साडेनऊ मैलांचा फेरा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि ताजा घ्या. वाट काही ठिकाणी वळवली गेली आहे, जुन्या नकाशांतले मैल जुळत नाहीत.

पातळी वर असेल तर त्या दिवशी कारान्झाहून उत्तरेला ॲपल पाय हिलपर्यंत जाऊन परत या. जाऊन-येऊन आठेक मैल, एकच गाडी पुरते. टेकडी २०५ फूट, म्हणजे इथल्या मानाने उंच. वरचा वणवा टेहळणीचा मनोरा कुंपणात आहे, फायर सर्व्हिसचं कुणी वर असेल तेव्हाच चढता येतो. पूर्ण टप्पा मग ऑक्टोबरअखेरीस ठेवा. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, डास आणि माश्या गेलेल्या असतात. डिसेंबरच्या सुरुवातीचा हरणांच्या शिकारीचा आठवडा मात्र टाळा, आणि शिकारीच्या हंगामात कधीही गेलात तरी झगझगीत नारिंगी टोपी आणि बनियन घाला, सहाही जणांनी.