मॉडेलने कर्ज नाकारलं तर ते कर्म कोणाचं?

अर्धवट_अभियंता
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मी कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या टीममध्ये आहे, नाव सांगत नाही. अर्ज आला की मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्राम, स्कोअर काढतं आणि कर्ज द्यायचं की नाही, दिलं तर किती टक्क्यांनी, हे त्यावरच ठरतं, मधे माणूस नाहीच. जात-धर्म आम्ही विचारत नाही पण पिनकोड, फोन कुठला, शिक्षण किती हे सगळं आत जातं, आणि काही पिनकोडमधले जवळपास सगळेच अर्ज उडतायत हे डॅशबोर्डवर स्वच्छ दिसतं. मी मीटिंगमध्ये विषय काढला तर आमचा टीम लीड, माणूस खरंच चांगला आहे, रोज गीता वाचतो, तो म्हणाला "कर्मण्येवाधिकारस्ते, आपण कोड नीट लिहायचा, फळ आपल्या हातात नाही." सगळे हसले आणि पुढच्या कामाकडे वळलो. मला खटकलं, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही. गीतेचा अर्थ खरंच असा निघतो का? नसेल तर यात कर्ता कोण, मी, लीड, कंपनी की ते मॉडेल? आणि प्लीज "नोकरी सोड" सांगू नका, हप्ते मलाही आहेत.

जुनं_खोड
लीडसाहेबांना म्हणावं दुसऱ्या अध्यायात मुक्काम करू नका, अठरावा पण उघडा. १८.२५ मध्ये तामस कर्म कशाला म्हणायचं ते सरळ सांगितलंय, "अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्", म्हणजे पुढे काय होईल, नुकसान किती, इजा कोणाला, आपली कुवत आहे का, यातलं काहीच न बघता मोहापायी सुरू केलेलं काम. २.४७ मध्ये, म्हणजे त्यांच्या त्या "कर्मण्येवाधिकारस्ते"मध्ये, सोडायला सांगितलंय ते माझ्या पदरात काय पडेल याची आस, समोरच्याचं काय होईल तिकडे डोळे मिटा असं त्यात कुठेही नाही. गंमत बघा, तिमाहीचं टार्गेट आलं की हा श्लोक ऑफिसात कोणाला आठवत नाही!

कर्त्याचं म्हणाल तर १८.१४ मध्ये कुठल्याही कर्माची पाच कारणं आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. मॉडेल हे करण, म्हणजे साधन, कुऱ्हाडीसारखं, कुऱ्हाडीला पाप लागत नाही. पण लगेच १८.१६ मध्ये असंही आहे की एकटा मीच कर्ता असं समजणाऱ्याची बुद्धी कच्ची, तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन झोप उडवू नका. जबाबदारी वाटली जाते म्हणून ती कमी होते असं मात्र नाही. मनुस्मृतीत ५.५१ ला मांसाबद्दल बोलताना परवानगी देणारा, मारणारा, कापणारा, विकणारा, घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सगळ्यांनाच "घातक", म्हणजे मारेकरी, म्हटलंय. अख्खी सप्लाय चेन धरलीय.

वाचनवेडी
@जुनं_खोड काका, मनू आणलाच आहेत तर आठव्या अध्यायातला १४२ वा श्लोक पण आणा ना, विषय कर्जाचाच चाललाय. दरमहा शेकडा २, ३, ४ आणि ५ व्याज, वर्णाच्या क्रमाने, म्हणजे ब्राह्मणाला सगळ्यात स्वस्त आणि शूद्राला सगळ्यात महाग. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती या जन्मावरून माणूस तोलण्याच्या हिशोबासाठीच. आता हे मॉडेल वेगळं काय करतंय सांगा. आडनाव विचारत नाही पण पिनकोड विचारतं, आणि आपल्याकडे कोण कुठल्या वस्तीत राहतो हे पिढ्यानपिढ्या कशावरून ठरत आलंय ते मी सांगायला नको. बरं त्या श्लोकात दर निदान उघड लिहिलेत, ॲपमध्ये तर नाकारलेल्याला कारणही कळत नाही. त्यामुळे "हिंदू नीतिविचार काय म्हणतो" असं विचारताना कुठला हिंदू विचार ते आधी ठरवा, तो एकमुखी कधीच नव्हता.

अर्धवट_अभियंता
बापरे, हे मीटिंगमध्ये बोललो तर माझाच अर्ज उडेल. पण एक अडचण सांगतो. त्या पिनकोडमध्ये थकबाकी खरंच जास्त आहे, डेटा खोटा नाहीये. मग कंपनीने मुद्दाम तोटा सोसायचा का?

शेवटचा_बाक
डेटा खरा आणि निकाल चुकीचा याच्यावर महाभारतात आख्खी गोष्टच आहे की, आदिपर्वातला मांडव्य ऋषी. चोर चोरीचा माल घेऊन त्याच्या आश्रमात लपले, राजाची माणसं मागोमाग आली, त्यांनी विचारलं तर हा मौनात म्हणून बोलेना, माल आश्रमातच सापडला, मग याला पण चोरांबरोबर धरलं आणि राजाने सुळावर चढवलं. पुरावा पक्का होता, आश्रम तोच होता, फक्त माणूस चोर नव्हता. नंतर राजाने येऊन माफी मागितली पण सूळ निघेना, शेवटी तो कापावा लागला आणि टोक अंगातच राहिलं, म्हणून त्याला अणीमांडव्य म्हणतात. तुमच्या पिनकोडमध्ये थकबाकी सरासरीने जास्त असेल, पण वेळेवर फेडणाऱ्याला "मी त्यातला नाही" हे सांगायला तुमच्या फॉर्ममध्ये जागा आहे का? नसेल तर त्याचं मौन तुम्हीच लादलंय. तोट्याचं म्हणाल तर सगळ्यांना कर्ज वाटा असं कोणी म्हणत नाहीये, नाही म्हणण्याआधी एकदा विचारा एवढंच. (आणि राजाच्या माणसांनी तरी विचारलं होतं हो!)

नियम_यम
गीता आणि मनू झाले, मला यात योगसूत्रं जास्त कामाची वाटतात. २.३४ मध्ये हिंसा तीन प्रकारची सांगितलीय, कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवून घेतलेली आणि मान डोलावलेली. मीटिंगमध्ये सगळे हसले ना, ते तिसऱ्यात. शिवाय तिथेच मृदु, मध्य, अधिमात्र (सौम्य, मध्यम, तीव्र) अशा पायऱ्याही आहेत त्यामुळे कोड लिहिणारा आणि पॉलिसी ठरवणारा एकाच मापाने मोजायची गरज नाही.

दुसरं म्हणजे अपरिग्रह. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याचं कारण फार व्यवहारी दिलंय, गोष्टी मिळवण्यात, राखण्यात, गमावण्यात, त्यांच्या ओढीत आणि त्यापायी होणाऱ्या हिंसेत दोष दिसतो म्हणून त्या घ्यायच्याच नाहीत. हे डेटाला लावून बघा. गोळा करायचा, सांभाळायचा, मग तो लीक होणार, आणि एकदा हाताशी आला की वापरायचा मोह सुटत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या सूचनांमध्ये फोनमधले कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉग यांना हात लावायला मनाई केली ती काही योगसूत्रं वाचून नाही, वसुलीवाल्यांनी नातेवाइकांना फोन करकरून लोकांना जीव नकोसा केला होता म्हणून. तुमचं "फोन कुठला" हे फील्ड कर्ज फेडण्याबद्दल नक्की काय सांगतं, ते कोणी विचारलंय का?

अर्धवट_अभियंता
नाही विचारलं. ते फील्ड आधीपासून होतं म्हणून आहे. ते काढून जुन्या डेटावर रन मारून बघतो, स्कोअर फारसा हलला नाही तर काढायला सांगता येईल. आणि नाकारलेल्या अर्जांना कारण दाखवायचं आणि एकदा माणसाकडून तपासून घ्यायचं, असा प्रस्ताव लीडला मेलवर टाकतो, तोंडी नको. १८.२५ पण त्यात घालतो, बघू काय म्हणतो.

वाचनवेडी
आणि पिनकोड?

अर्धवट_अभियंता
तो काढला तर मॉडेलचे अंदाज बरेच बिघडतात, आधीच सांगून ठेवतो. म्हणून तर इथे विचारायला आलो.