गावाकडून आईबाबा आले आणि सणाचा स्वयंपाक परदेशात: अनुभव सांगा

महालक्ष्म्या, पोळा, दिवाळी किंवा तिकडचं थँक्सगिव्हिंग, घरी गावाकडची माणसं आलेली असताना मोठा स्वयंपाक ज्यांनी केला त्यांनी प्लीज लिहा. यंदा माझ्या सासूबाई यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून येतायत, पहिल्यांदाच विमानात बसणार, आणि महालक्ष्म्या इथेच बसवू म्हणतात. सामान काय आणायला सांगू, ओट्याशी कोणी उभं राहायचं, सगळं सांगा.

आर्वीकडची, सध्या न्यूजर्सी
आमच्याकडे पहिला प्रश्न वेळेचाच आला. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन, हे आईला तोंडपाठ, पण नक्षत्र लागायची वेळ ती गावच्या कॅलेंडरची धरून बसली आणि इथलं घड्याळ सप्टेंबरमध्ये साडेनऊ तास मागे. शेवटी इथल्या गावाचं पंचांग काढलं, गावच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला, ते म्हणाले जिथे पूजा तिथलीच वेळ धरा, तेव्हा ती निवांत झाली. मुखवटे तिने सुती लुगड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत आणले, सामानात टाकायला तयारच नव्हती. आंबिलीला ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं. सोळा भाज्यांसाठी अंबाडी शोधत फिरू नका, तेलुगू लोकांच्या दुकानात गोंगुरा म्हणून मिळते, बाकीच्या फ्रोझन घेतल्या तरी आईने चालवून घेतल्या. पण ताजा कढीपत्ता आणि संत्री बॅगेत टाकू देऊ नका, अमेरिकेत आणायला बंदी आहे. पूजनाचा दिवस वर्किंग डे होता, म्हणून पुरण आदल्या रात्रीच शिजवून ठेवलं आणि जेवायला लोकं संध्याकाळी बोलावली. आईने पुरण चाखलं नाही, नैवेद्याच्या आधी ती कधीच चाखत नाही, तरी गोड बरोब्बर. भरडाचे वडे तळताना मात्र खिडक्या उघडून एक्झॉस्ट फुल करा, स्मोक अलार्म वाजला की म्हातारी माणसं फार घाबरतात.

दर्यापूर, आता म्युनिक
रविवारी दुकानं बंद असतात हे आईबाबांना आधीच सांगा, नाहीतर शनिवारी रात्री गूळ संपल्याचं कळतं. रात्री दहानंतर मिक्सर नको. घरचं तूप आणायला सांगू नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं आईने तूप कढवलं, सुंदर झालं.

मेहकर तालुका, टेक्सास
बाबा माळकरी. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं आणि दरवर्षी ऑफिसची मित्रमंडळी आमच्याकडे जेवतात, त्यांना नाही कसं म्हणायचं आणि बाबांच्या समोर टर्की कशी आणायची, दोन्ही मनाला पटेना. मित्राला सरळ विचारलं, तो म्हणाला टर्की माझ्याकडे खाऊ, गोड खायला तुझ्याकडे येऊ. आमच्याकडे मग पाटवडी रस्सा, वांग्याची भाजी आणि पम्पकिन पायच्या शेजारी भोपळ्याच्या घाऱ्या. बाबांनी हा सण कशाचा ते नीट विचारून घेतलं, म्हणाले म्हणजे पीक घरात आल्याचं जेवण, मग वाढायला स्वतः उठले. त्यांची भांडी वेगळी ठेवली होती, त्यावर एकाही पाहुण्याने प्रश्न केला नाही, मला फार भरून आलं. वडिलांची माळ सांभाळणं हे काही मागासलेपण नाही, स्पष्ट सांगतो.

ऑकलंड
न्यूझीलंडला येत असतील तर मसाले, लोणची, पापड, जे काही खायचं असेल ते फॉर्मवर लिहायला लावा. लिहिलं तर तपासून बऱ्याच गोष्टी सोडतात, नाही लिहिलं तर जागेवरच ४०० डॉलर दंड. मध तर नकोच.

वर्धा जिल्हा, गावातूनच
मी जाऊन आलेली माय हाओ, म्हणून लिहितो. मले बसून राहाले सांगू नका बाई. पोरगी म्हने तू आराम कर, आराम करून करून माह्ये पाय सुजले, ना शेजार ना कोनाशी बोलनं. मंग दिवाळीत तिनं शेगडी शिकवली, बटन कोनतं, किती दाबाचं, सारं मराठीत चिठ्ठ्या लावून, आन साखर-मिठाच्या डब्यावर बी. तवापासून अनारसे, चकल्या सारं म्या केलं, ती हापिसातून येऊन खाली बसून वळाले लागे. तुमच्या सासूले पयल्याच दिवशी शेगडी शिकवा. आन तिले पुरनाचं विचारा, सांगू नका.